मधली रिकामी रांग

मूर्तिजापूरजवळच्या शाळेत मुलांना खेळातून देवीची साथ समजावली, म्हणून अकोल्यात माझा सत्कार झाला होता. तो खेळ माझा नव्हता, आमच्या गुरुजींचा होता. ते छप्पनमध्ये बौद्ध झालेले, शाळेत सगळ्यांत जुने. मी नवा मास्तर.

खेळ झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी गावात देवी टोचणारा येणार होता. तो आला की गावातल्या बाया लेकरांना कपाशीत लपवत. लेकरं बाहेर कशी यावीत, याचीच गुरुजींना काळजी. भाषणाने होणार नाही, म्हणाले, पोरांनाच साथ होऊन पाहू दे.

पटांगणात फक्कीच्या चौकटी, प्रत्येकीत एक मुलगा. टाळी वाजली की आजूबाजूला पाहायचं. शेजारचा बसलेला, म्हणजे देवी आलेला, दिसला तर आपणही बसायचं. दंडावर चुन्याचा ठिपका असलेला टोचलेला, त्याने उभंच राहायचं. बाकी कोणी कोणाला काही सांगायचं नाही.

चौकटी मी आखल्या, मुलंही मीच उभी केली. गुरुजींनी पाटलाच्या पोराला आधी बसवलं. टाळीगणिक बसणं पसरत गेलं आणि एका जागी थांबलं. बौद्ध वस्तीतली पोरं उभीच. त्यांच्या अलीकडची एक रांग मी रिकामी सोडली होती. वर्गात बसवायचो तशीच, विचारही न करता.

"गुर्जी, यायले टोचाचं कामच नाई," पाटलाचा पोरगा म्हणाला. "हे दूर हायेत."

गुरुजींनी त्या रांगेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तुह्या वावरात कापूस कोन येचते रे?"

"यायच्या मायबाया."

"तवा नाई दूर ठेवत आमाले," वस्तीतलं एक पोरगं म्हणालं. सगळे हसले.

मला चार शब्द सुनावायची गुरुजींना ही संधी होती. त्यांनी फक्त नियम बदलला. आता प्रत्येक टाळीला आधी एक पाऊल टाकायचं, वावराकडे, विहिरीकडे, बाजाराकडे, जो रोज जिकडे जातो तिकडे. थोड्याच टाळ्यांत पटांगणभर पोरं बसलेली. ठिपकेवाले तेवढे उभे, आणि त्यांच्या आडोशाला राहिलेले काही न टोचलेलेही. साथ अशी चालते, हे मलाही तेव्हाच कळलं. इतक्या साध्या नियमातून इतकं दाखवणारा शिक्षक मी पुन्हा पाहिला नाही.

दुसऱ्या दिवशी पाटलाच्या पोराने धाकट्या बहिणीला कपाशीतून ओढत आणलं. मागून आई शिव्या घालत आली. वस्तीतली लेकरंही आली. सवयीने मी रांग लावायला पुढे झालो.

"राहू द्या मास्तर," गुरुजी म्हणाले. "जो जसा आला तसा उभा राहू द्या."

मी बाजूला झालो.