बाभळीच्या काट्याएवढं भोक

रॉकेट सुटतं तेव्हा टीव्हीवर सगळे त्याच्या टोकाकडे पाहतात. मी बुडाकडे पाहते. आग जिथून बाहेर पडते त्या तोंडाकडे. पहिला टप्पा गळून पडेपर्यंत मी जागची हलत नाही. तो गळला की मी उठून पाणी पिते. सून म्हणते, "आई, तुमीच हाकून राहिल्या का ते?"

माझं शिक्षण चौथीपर्यंत. अमरावतीला लग्न होऊन आले तेव्हापासून कागदी पाकिटं चिकटवायचं काम केलं, किराणा दुकानांसाठी. रद्दी गठ्ठ्यानं यायची. त्यातला रॉकेटचा कागद मी आधी वाचायची, मग बाजूला ठेवायची. नवरा चिडायचा की हा कागद पण विकत घेतलेला आहे. त्याचं बरोबर होतं. तरी मी ठेवायचीच. वाचायला मला वेळ लागतो, अजूनही ओठ हलतात. पण नोझल म्हणजे काय, त्याचा गळा किती अरुंद ठेवतात, अरुंद केला की आतला दाब कसा चढतो, हे मला या घरातल्या कोणाहीपेक्षा जास्त कळतं. ते मी कागदात वाचायच्या आधी शिकले होते. कसं शिकले ते इथं लिहिते.

आमचं गाव मूर्तिजापूरच्या पलीकडे. वडील विहिरी फोडायचे. वरची काळी माती फावड्यानं निघते, पण खाली पाषाण लागला की सुरुंग लावावा लागतो. खडकात पहारीनं भोक पाडायचं, त्यात दारू भरायची, वात सोडायची, वरून माती ठासून भोक बुजवायचं. ठासायची काठी लाकडाची. लोखंडाची चालत नाही, ठिणगी पडते. उन्हाळ्यात मी वडिलांसोबत जायची. माती ठासायचं काम ते मला देत, कारण माझा हात सारखा पडायचा. लोकांना सांगत, "माह्या पोरीनं ठासलेलं भोक कधी ओकत नाई."

ओकणं म्हणजे काय ते सांगते. माती ढिली राहिली तर खडक फुटत नाही. सगळी आग आणि माती त्या भोकातूनच वर उडते. नुसता फुस्स आवाज होतो आणि दारू वाया जाते. वडील मग आईबहिणीवरून शिव्या द्यायचे, खडकाला.

माणसं चंद्रावर चालली त्या वर्षी मी चौथीत होते. गुरुजींनी फळ्यावर रॉकेट काढलं, खाली आगीच्या रेघा ओढल्या. मी विचारलं, "गुरुजी, वर हवाच नाही तर ते रेटते कशाले?" गुरुजी म्हणाले, ते कशाला रेटत नाही, आतली आग खाली टाकतं म्हणून स्वतः वर जातं. वर्गात कोणाला कळलं नाही. मला त्या क्षणी कळलं. हे तर ओकणारं भोक. फक्त उलटं धरलेलं, आणि भोवती खडक नाही, म्हणून भोकच पळत सुटतं. वडिलांच्या धंद्यात जी चूक, तेच यांचं काम. मी घरी येईपर्यंत वेड्यासारखी हसत होते. तेव्हापासून आजपर्यंत दुसऱ्या कशाचं मला एवढं वेड लागलेलं नाही. लग्नाचंही नाही.

भावाला सांगितलं. तो माझ्याहून दोन वर्षांनी लहान, नऊचा. मला बाई म्हणायचा, अजूनही म्हणतो. गणितात त्याचं डोकं माझ्यापेक्षा चांगलं. पुढच्या उन्हाळ्यात आम्ही सायकलच्या मोडक्या पंपाची पितळी नळी घेतली. दारू मी वडिलांच्या डब्यातून चिमूट चिमूट काढली होती. काम वाटून घेतलं. ठासायचं मी, तोंड करायचं त्यानं. त्यानं मातीच्या बुचाला खिळ्यानं भोक पाडलं. खिळा जाड होता. पाडायच्या आधी त्यानं काड्या ठेवून नळी मोजली, भोक मोजलं, बोटांवर काहीतरी हिशेब केला.

मी म्हटलं, "लय मोठं केलं बे."

"बरोबर हाये," तो म्हणाला. "निघाले जागा पाहिजे ना तिले."

"लायनं केलं तर जोरानं निघन."

"अन् नाई निघालं तर? तूच त फोडशीन खडक."

तो हसला आणि आंबे पाडायला गेला. मी एकटी होते. माझा हात सारखा पडतो, माझं भोक ओकत नाही, हे इतक्या वेळा ऐकलेलं होतं. मी त्याचं भोक ओल्या मातीनं बुजवलं, अंगठ्यानं ठासलं, ठासायची काठी घेऊन पुन्हा ठासलं, आणि मध्ये बाभळीचा काटा घालून काढून घेतला. राहिलं ते भोक काट्याएवढं. वरून बोट फिरवून गुळगुळीत केलं. त्याला सांगितलं नाही. वर गेलं की सांगू, म्हणजे तो गप्प बसेल, असा विचार होता.

वात त्यानं पेटवली. आम्ही दोघं मागं पळालो. वात आत गेली आणि काहीच झालं नाही. तो म्हणाला, "माह्या भोकात माती पडली वाटते," आणि पाहायला गेला. मी थांब म्हणायला हवं होतं. सुरुंगाच्या कामात विझलेल्या वातीजवळ लगेच जायचं नाही, हे मला झोपेत विचारलं असतं तरी सांगितलं असतं. पण मला वाटलं, त्यानं वाकून पाहिलं तर काट्याचं भोक दिसेल. मी त्याचाच विचार करत उभी राहिले.

नळी उडाली नाही. फुटली.

उजव्या हाताची तीन बोटं गेली आणि त्याच बाजूचा कान. वडिलांनी धोतर फाडून हात बांधला. शकुंतला नावाच्या छोट्या रुळांच्या रेल्वेनं मूर्तिजापूरला नेलं. ती गाडी केवढी हळू चालते हे तिच्यात कधी बसलेल्यालाच माहीत. गाडीत तो रडत नव्हता. वडिलांना एकच सांगत होता, "बावा, भोक म्या पाडलं. लायनं झालं. माही चूक हाये." मी समोरच्या बाकावर होते. माझ्या नखांत ती माती अजून होती. मी तोंड उघडलं नाही. तिथून मोठ्या गाडीनं अकोला, आणि दवाखाना.

वडिलांनी सुरुंगाचं काम सोडलं आणि मजुरीला लागले. मला तसंही पुढं शिकवणार नव्हते, पाचवीची शाळा दुसऱ्या गावी होती. ते माझं नुकसान मी या गोष्टीत धरत नाही. नुकसान त्याचं झालं, आणि ते बोटांचं नव्हतं. डाव्या हातानं लिहायला तो सहा महिन्यांत शिकला. पण हिशेबाचा भरवसा गेला. सायकल दुरुस्तीवाल्यानं त्याला शिकायला बोलावलं. तो म्हणाला, "माहं मोजलेलं चुकते." गुरुजींनी परीक्षेला बसवायचं म्हटलं, तेव्हाही तेच. पुढं अकोल्यात बसस्टँडजवळ त्याला अपंगांसाठीचा टेलिफोन बूथ मिळाला. तिथं मशीनच मोजायचं, म्हणून तो तिथं सुखी होता. घरात भिंतीला खिळा ठोकायचा तर बायकोला सांगायचा, "तू ठोक. म्या ठोकला का वाकडाच जाते." आणि हसायचा. चारचौघांत हात वर करून सांगायचा, "हे पाहा, माह्या हिशेबाचं सर्टिफिकेट."

मी दर वेळी हसायची. बाकीचे हसत म्हणून.

भूत, बाहेरचं, यांवर माझा विश्वास नाही. पण कुकरची शिटी उशिरा झाली की मी स्वयंपाकघरातून बाहेर जाते. सुईत दोरा ओवताना मला नेढं दिसत नाही, ते भोक दिसतं. कधी कधी नखांत ओल्या मातीचा गारवा लागतो, मी नखं पाहते, काही नसतं. रॉकेटचं वेड मात्र कमी झालं नाही, हे मला स्वतःलाच बरं वाटत नाही. ज्यानं भावाचा हात नेला तेच मला सगळ्यात जास्त आवडतं. दर उड्डाणाला मी त्याला फोन लावायची, आणि तोही वाट पाहत असायचा. "बाई, पाह्यलं का? कसं सरळ गेलं!" मग थोडं थांबून, "त्याइनं भोक बरोबर मोजलं असन." स्फोटाला त्रेपन्न वर्षं होईपर्यंत मी हे ऐकत राहिले.

आपलं यान चंद्रावर उतरलं त्या संध्याकाळी मी अकोल्याला त्याच्याकडे होते. टीव्हीसमोर तो, मी आणि भावजय. यान खाली यायला लागलं तसा त्यानं माझा हात धरला, डाव्या हातानं. उतरलं. टीव्हीवरची माणसं उठून टाळ्या वाजवायला लागली. भाऊ रडत होता. भावजय पेढे आणायला आत गेली.

तो म्हणाला, "बाई, म्या त्या दिवशी अजून जाड खिळा घेतला असता ना, त मीबी कुठीसा असतो."

मी म्हणाले, "तू जाडच घेतला होता."

"काय?"

"तुह्यं भोक मोठंच होतं. म्या बुजवलं. मंग काटा घालून लायनं केलं. तू आंबे पाडाले गेला होता."

त्याचा चांगला कान माझ्याकडे होता. त्याला ऐकू आलं होतं. भावजय पेढे घेऊन आली, आमची तोंडं पाहून दारातच थांबली. त्यानं माझा हात सोडला.

"कितीक लायनं?"

"काट्याएवढं."

"बाभयीचा?"

"हो."

तो उठला. कॅलेंडरचा कागद फाडला, मागं डाव्या हातानं नळी काढली, तिला तोंड काढलं. बराच वेळ आकडे लिहीत होता. भावजय म्हणाली, "अवो, पेढा त घ्या." त्यानं पाहिलं नाही. शेवटी कागद माझ्यासमोर ठेवला.

"हे गेलं असतं," तो म्हणाला. "माहं गेलं असतं."

"हो."

"इतके वर्स म्या माह्याच डोक्याले शिव्या देल्या. बोटं गेली त गेली. कोणाचीबी जातात. तू माहा हिशेब खाल्ला बाई."

मी माफी मागितली. तो म्हणाला, "ते माफी-बिफी तुह्यापाशी ठेव. सकायची गाडी हाये नवाची. जाय."

मी गेले. त्यानंतर त्यानं फोन उचलला नाही. पुढचं रॉकेट सुटलं तेव्हा मी सवयीनं फोन लावला. पूर्ण वाजून बंद झाला. उठून पाणी प्यायले. एकटीनं पाहिलेलं ते माझं पहिलं उड्डाण.

दिवाळीनंतर भावजयीचा फोन आला. आवाज दबका होता. "बाई, हे बोलत त नाईत कोणाशी. पण सायकलचा पंप आणला इकत. करवत आणली. अंगणात बसते दिवसभर. प्लास्टिकच्या बाटल्या कापते, टोपणाले भोकं पाडते, पाणी भरते. दोन खिडक्या ओल्या केल्या. मले भेव लागते. तुमी या."

"दारू आणली का?" मी विचारलं.

"माय! ते काहून पितीन आता?"

"सुरुंगाची व."

"नाई. नुसतं पाणी अन् हवा."

मी पुढची एसटी धरली. फाटकाशी पोचले तेव्हा दुपारचे चार वाजले असतील. अंगणाच्या मध्ये विटांवर एक बाटली उलटी उभी होती, बुडाला टोपण, टोपणाला भोक, भोकात पंपाची नळी. ती नळी ओढून काढायला दोरी बांधलेली. भाऊ दोरीचं दुसरं टोक डाव्या हातात धरून कडुनिंबापाशी उभा होता. मला पाहिलं, ये म्हणाला नाही.

"म्या नाई बोलावलं तुले."

"तिनं बोलावलं."

"आली त आली. त्या भिंतीपाशी उभी राय. समोर येऊ नको. ओढलं अन् नाई उडालं, तरी जागची हालाचं नाई. समजलं?"

"समजलं."

"मले थांब म्हणाचं. या बारीनं म्हणाचं."

त्यानं दोरी ओढली. आवाज झाला आणि मी खाली बसले. कानांवर हात, डोळे मिटलेले, कपाळ भिंतीला. अंगावर पाण्याचे थेंब पडले. उघडून पाहिलं तेव्हा बाटली शेजारच्या टिनावर पडली होती आणि शेजारीण ओरडत होती.

"पाह्यलं का?" तो म्हणाला.

"पाह्यलं. निंबाच्या वर गेली."

"लबाड बोलून राहिली. डोये मिटले होते तुनं."

त्यानं टिनावरून काठीनं बाटली पाडली, पाणी भरलं, पंप मारायला बसला. उजव्या हाताच्या दोन बोटांत मूठ धरता येत नव्हती, म्हणून तो पंप तळव्यानं दाबत होता. मी मदतीला पुढं झाले तर म्हणाला, "तू हात लावू नको." मी भिंतीपाशी परत गेले.

दुसऱ्यांदा मी डोळे उघडे ठेवले. त्यानं दोरी ओढली, बाटली गेली, भावजय दारातून "गेली, गेली" ओरडली. किती वर गेली ते मला सांगता येणार नाही. मी सगळा वेळ त्याच्या उजव्या हाताकडे पाहत होते. तो हात त्यानं वर धरला होता, डोळ्यांवर ऊन येऊ नये म्हणून, आणि बोटं नव्हती तिथून त्याच्या तोंडावर ऊन पडत होतं.