कडी नसलेलं दार

आखातातल्या अल रुवैस गावच्या जुन्या मजलिशीचं दार हे मी केलेलं सगळ्यात देखणं काम. आणि सगळ्यात चुकलेलंही.

मजलिस म्हणजे आल्यागेल्या कुणीही येऊन टेकावं अशी बैठकीची जागा. नव्वदच्या दशकाच्या शेवटी सरकारनं ती जुनी वास्तू म्हणून जपायची ठरवली आणि लाकूडकाम आमच्या वर्कशॉपकडे आलं. मी फोरमन. सोबत राजापूरचा एक मिस्त्री, हाताचा सोन्यासारखा पण तोंडाचा फटकळ. रोज सकाळी अल रय्यानच्या आमच्या मुक्कामाहून आम्ही निघायचो. भिंती समुद्रातल्या प्रवाळाच्या दगडाच्या. छताला गोल वासे, वर बांबू आणि चटई. भिंतीत खाली अरुंद फटी, बसल्यावर पाठीला वारा लागावा म्हणून. मी त्या घराच्या प्रेमातच पडलो. एसीवाल्यांचा तर मला रागच यायला लागला.

हे घर ज्याच्या वडिलांनी बांधलं, तो म्हातारा रोज समोर गाडीत बसून असायचा. आत पाऊल टाकायचा नाही. काम पुरं झाल्यावर बघेन आणि वडिलांचं घर वाटलं तरच बसेन, असं त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तो बसावा यासाठी आमचा जीव टांगणीला लागला होता.

कुजलेलं दार आम्ही हुबेहूब नवं केलं. फक्त जुन्यावर कडीची खूण सापडेना. मिस्त्री म्हणाला, "कडी नाय तर दार कसला? गंजून पडली असंल!" मलाही पटलं. आमच्याकडे घरात चोरण्यासारखं काही नसलं तरी कडीकोयंडा दणकट लागतो. आम्ही हौसेनं पितळी कडी ठोकली.

म्हातारा आला. भिंतीवरून हात फिरवला, फटीपाशी वाकून वारा घेतला, हसला. मग कडी दिसली.

"ये कायको?"

"बंद करने को, बाबा."

त्याचा चेहरा पडला. "मेरा बाप का मजलिस कभी बंद नहीं हुआ." तो गाडीकडे वळला.

"बाबा, रुको!" मी ओरडलो. मिस्त्रीनं पटाशी घालून कडी उपटली. दारात चार भोकं राहिली. म्हाताऱ्यानं परत येऊन एकात बोट घातलं आणि खो खो हसला.

मग तो बसला. पण दाराजवळ, यजमान म्हणून वडील बसायचे तिथे. भुशानं माखलेल्या आम्हा दोघांना त्यानं वरच्या, पाहुण्यांच्या मानाच्या गादीवर बसवलं.

"यल्ला, चलो, कॉफी पियो. तुम पहला मेहमान."