तपकिरी पर्समधला कांदा

साधना आहेरच्या खोलीत दारामागे पाच खिळे आहेत आणि पाचही खिळ्यांवर पर्स लटकतात. टॉवेल टांगायला घरात जागा उरलेली नाही, ही तिच्या नवऱ्याची, दीपकची, जुनी तक्रार. काळी मीटिंगची, तपकिरी लांबच्या गाडीची, निळी रोजच्या ऑफिसची, सोनेरी लग्नकार्याची. पाचवी लाल. ती नुसती हौसेची. कॉलेज रोडच्या दुकानात आवडली म्हणून घेतली आणि इतकी जपली की एकदाही उंबऱ्याबाहेर नेली नाही.

सासूबाई गोजराबाई देवळ्याच्या. मळा तिकडे आणि मुलाची नोकरी नाशिकरोडला नोटांच्या प्रेसमध्ये, त्यामुळे त्यांचं पंधरा दिवस तिकडे, आठ दिवस इकडे असं चालायचं. आल्या की त्या दारामागे बघायच्या आणि ठरलेलं वाक्य टाकायच्या, "एवढ्या पिशव्या कशाला गं तुला? खांदे तर दोनच हाईत." साधना हसून चहा ठेवायची. सासूबाईंचं हे बोलणं मनाला लावून घ्यायचं नसतं, हे ती लग्नाच्या पहिल्याच वर्षी शिकली होती.

साधना दिंडोरी रोडवरच्या एका कांदा-बियाण्याच्या कंपनीत कामाला. कंपनी मोठी नाही, पण बी पार बिहारपर्यंत जातं. तिथे तिने अकरा वर्षं टेबल सांभाळलं. फोन घेणं, पाकिटांवरची लेबलं तपासणं आणि मुख्य म्हणजे फिरतीवर जाणाऱ्या पुरुषांची तिकिटं काढणं. कोणाला खालचा बर्थ लागतो, कोण खिडकी सोडत नाही, कोण गाडी चुकवतो, सगळं तिला पाठ होतं. नाशिकरोडवरून सुटणाऱ्या गाड्यांची वेळापत्रकं तोंडपाठ असलेल्या या बाईने स्वतः मनमाडच्या पुढे फारसं काही बघितलं नव्हतं.

गेल्या फेब्रुवारीत कंपनीचा सगळ्यात जुना विक्रेता नोकरी सोडून गेला. मालक गोरक्षशेठ डोक्याला हात लावून बसले असताना साधनाने विचारलं, की यंदाचं एक तिकीट माझ्या नावाचं काढू का. शेठ माणूस वाईट नव्हे, पण बाईमाणूस, परमुलूख, दुकानदार सगळे बेरकी, अशी त्यांनी बरीच कारणं सांगितली. तिने सगळी शांतपणे ऐकून घेतली आणि पुन्हा तोच प्रश्न विचारला. शेवटी शेठ म्हणाले, दिवाळीपर्यंत करून बघा. पण पाटण्याची ऑर्डर पुन्हा आली तरच फिरती तुमची. नाही आली, तर टेबल आहेच.

पाटण्याचा रामसुमेरबाबू हा एके काळी कंपनीचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. दोन वर्षांपूर्वी त्याने नेलेल्या बियाण्याचा कांदा दसऱ्याच्या आतच साठवणीच्या चाळीत कोंबावर आला होता. शेतकरी त्याच्या दुकानात येऊन भांडले आणि त्याने या कंपनीचं नाव टाकलं. त्यानंतर कंपनीने नवीन टिकाऊ वाण आणलं, पण तो ऐकून घ्यायला तयार नव्हता. दोन विक्रेते जाऊन हात हलवत परतले होते. अशा ठिकाणी साधनाची परीक्षा ठेवली होती.

पण पहिली फिरती लागली ती एप्रिलमध्ये, जळगाव-अकोल्याकडे. ऊन असं, की घरातून पाय काढवत नव्हता. ती निघाली तेव्हा गोजराबाई नाशिकलाच होत्या. त्यांनी मळ्यातून आणलेल्या ताज्या उन्हाळ कांद्यातला एक निवडला, रुमालात बांधला आणि तपकिरी पर्सच्या बाहेरच्या जाळीच्या कप्प्यात खोचला. ऊन लागू नये म्हणून कांदा जवळ ठेवायचा, हे आपल्याकडे घरोघरी करतात. हा कांदा कंपनीच्याच नव्या बियाण्याचा होता. साधनानेच ते बी सासूबाईंच्या गळी उतरवून मळ्यात लावायला दिलं होतं. साधना त्या गाठोड्यावर हसली. जळगाव झालं, अकोला झालं, मे महिन्यापासून ती फिरतीलाही काळी पर्स नेऊ लागली, तपकिरी पर्स खिळ्यावर गेली आणि ती कांदा साफ विसरली. आपण मात्र तो लक्षात ठेवायचा.

सप्टेंबर संपता संपता पाटण्याला जायचा दिवस आला. साधनाने काळी पर्स आदल्या दिवशीच भरून ठेवली होती: बी बघायचं भिंग, व्हिजिटिंग कार्डं, तपासणीचे अहवाल, साखळी-कुलूप, बाम, सेफ्टी पिना आणि गूळ-शेंगदाण्याचे चार लाडू. रिक्षा दारात उभी राहिली आणि नेमकी काळीची चेन तुटली. तिने जीभ चावली, तपकिरी पर्स खिळ्यावरून ओढली आणि सगळं त्यात ओतलं. बाहेरच्या जाळीत रुमालाचा बोळा दिसला. बरं झालं, रुमाल आहेच, असं म्हणून ती पळाली.

पाटण्याचं दुकान म्हणजे एक लांबोडकी खोली, भिंतीला लागून बियाण्यांची पोती, एक बाकडं आणि त्यावर तीन म्हातारे शेतकरी. रामसुमेरबाबू टेबलामागे. त्याने साधनाला बसायला सांगितलं, पण बोलणं ऐकताना मान वर केली नाही. तिने अहवाल पुढे ठेवले, फोटो दाखवले, नवं वाण साडेपाच-सहा महिने टिकतं हे सांगितलं. त्याने कागद हाताने बाजूला सारले. नाशिकहून येणारा प्रत्येक जण सहा महिनेच सांगतो, म्हणाला. कागद तर दहा वर्षं टिकतात, कांद्याचं बोला.

अकरा वर्षांचं टेबल साधनाला डोळ्यांसमोर दिसायला लागलं. ज्या तिकिटांवर दुसऱ्यांची नावं, ती काढत बसायचं, मरेपर्यंत. तिला रडू येईल असं वाटलं आणि त्याचाच तिला राग आला. कपाळावर घाम साचला होता. तिने पर्सच्या जाळीतला रुमाल ओढला, त्याची सैल झालेली गाठ सुटली आणि कांदा टेबलावर घरंगळत थेट रामसुमेरबाबूच्या चष्म्याच्या डबीला जाऊन आदळला.

बाकड्यावरचे तिघे हसले. साधनाला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पण खोटं काय सांगणार? तिने आपल्या मोडक्यातोडक्या हिंदीत खरं तेच सांगितलं: सासूबाईंनी एप्रिलमध्ये ऊन लागू नये म्हणून ठेवला होता, पर्स बदलली, राहून गेला.

हसणं थांबलं. बाकड्यावरचा एक म्हातारा पुढे झुकला आणि म्हणाला, की आम्ही शेतावर जाताना आमची आईसुद्धा खिशात कांदा घालायची. रामसुमेरबाबूने आता पहिल्यांदा मान वर केली.

"लू के लिए रखा था?" त्याने विचारलं. "तब तो बैसाख का प्याज है."

उन्हाच्या झळा काही सप्टेंबरात लागत नाहीत, हे त्याला कोणी सांगायला नको होतं. विकायला आणलेला कांदा कोणी असा रुमालात बांधून आणत नाही, हेही त्याला कळत होतं. त्याने कांदा उचलला, शेंड्याकडची मान दाबून बघितली, मुळाकडची बाजू नखाने खरवडली. कांदा घट्ट होता. मग त्याने पोती फाडायची सुरी काढली आणि थबकला. सासूने दिलेली वस्तू आहे, कापू की राहू दे, असं त्याने विचारलं.

त्याने सुटायला वाट दिली होती. साधनाला पक्कं ठाऊक होतं, की वरून टणक दिसणारा कांदा आतून काळा निघू शकतो. पाच महिने तो पर्समध्ये पडलेला, अकोल्यापर्यंत आपटत गेलेला. राहू द्या म्हटलं असतं तर निदान अब्रू राखून उठता आलं असतं. तिने हात पुढे केला आणि सुरी मागितली.

कांदा दाखवायला कापायचा तर विक्रेते तो आडवा कापतात. गोल चकत्या छान दिसतात आणि बारीक कोंब असला तरी त्यात लपून जातो. गोजराबाई बियाण्यासाठी कांदे निवडायच्या तेव्हा नमुन्याचा कांदा नेहमी उभा कापायच्या, शेंड्यापासून मुळापर्यंत. उभ्या कापात लबाडी चालत नाही, असं त्यांचं म्हणणं. साधनाने कांदा टेबलावर उभा धरला आणि एका दमात मुळापर्यंत सुरी उतरवली.

दोन्ही फाका उताण्या पडल्या. आत पांढरेशुभ्र पापुद्रे, गाभा कोरडा, कोंबाचा टिपूस नाही. त्या बंद खोलीत कांद्याचा असा झणका उठला की सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. साधनाच्याही आलं, आणि तिने ते पुसलं नाही.

रामसुमेरबाबूने एक फाक उचलून उजेडात धरली. मग म्हणाला, "आपके यहाँ से जो आए, सब आड़ा काटते थे."

ऑर्डर पूर्वीपेक्षा दीडपट निघाली. वर एक अट, की दरवर्षी याच बाईंनी यायचं आणि बैसाखात शेतकऱ्यांचा मेळावा भरेल तेव्हा ज्यांनी कांदा ठेवला होता त्या सासूबाईंनाही आणायचं. एक फाक त्याने म्हाताऱ्यांना वाटली. दुसरी त्याने स्वतः भाजलेल्या हरभऱ्याच्या सत्तूबरोबर खाल्ली.

गोरक्षशेठनी फोनवर ऑर्डर दोनदा वदवून घेतली. ती परतली तेव्हा तिच्या जुन्या टेबलावर एक नवी मुलगी बसली होती आणि साधनाबाईंना कुठला बर्थ लागतो हे विचारत होती. खालचा, साधना म्हणाली, आणि खुर्चीवर बसून पोटभर हसली. शेठनी सगळ्या विक्रेत्यांना पिशवीत एकेक कांदा ठेवायचा हुकूम काढला. त्यांनी ठेवलाही, पण दोघांनी दुकानात तो आडवाच कापला. त्याला काय इलाज?

एप्रिल आला. गोजराबाईंनी आठ दिवस आधीपासून नाही-नाही चालवलं होतं. गुडघे दुखतात, एवढ्या लांब कोण जातं, मी काय साहेब हाय का. निघायच्या सकाळी मात्र त्या नवी नऊवारी नेसून दारामागे उभ्या दिसल्या. पाचही पर्स त्यांनी एकेक करून चाचपल्या आणि लाल पर्स खिळ्यावरून उतरवली. आत दोन कांदे, चष्मा आणि गुडघ्याचं तेल ठेवून खांद्याला अडकवली.

"बघतीस काय?" त्या साधनाला म्हणाल्या. "खांदे मला बी हाईत."

नाशिकरोडच्या फलाटावर गाडीची वाट बघताना शेजारच्या बाईंनी चौकशी केली, की आजी, देवाला निघालात का? गोजराबाईंनी लाल पर्स मांडीवर नीट धरली.

"नाय," त्या म्हणाल्या, "सुनेसंगं कामाला चाल्लेय."