पाच व्होल्टचा बायपास

दुसरा रेडिओ माझ्या तळहातावर होता. तिसरा नव्हता. पहिला पाच मिनिटांपूर्वी गप्प झाला होता आणि त्याला बोट लावलं की चटका बसत होता.

शहाद्याजवळ नानांच्या पपईच्या बागेत आमच्या कंपनीची ट्रायल होती. जमिनीतला ओलावा मोजणारा सेन्सर, तो वाचायला आर्डुइनो, म्हणजे हौशी मुलंही वापरतात तो छोटा बोर्ड, आणि आकडा घरापर्यंत पाठवायला काडेपेटीएवढा रेडिओ. गेल्या वर्षी पाणी जास्त होऊन नानांची निम्मी बाग मूळकुजीने गेली होती. यंदाची रोपं कमरेपर्यंत आली होती.

मी कंपनीतल्या सरांना फोन लावून रेडिओ जळाल्याचं सांगितलं.

"सप्लाय किती दिलास?"

"३.३ व्होल्टच, सर. मोजून."

"मग गेला कसा? हे बघ, दुसरा जळला तर किट गुंडाळून ये. ती ट्रायल बंद."

नाना बांधावर बसून ऐकत होते. "काय व्हयनं वं माय?"

"नाना, बोर्ड पाच व्होल्टचा, रेडिओ ३.३ चा. त्याला वीज मी ३.३ चीच दिली."

"आन् ही दुसरी तार?"

"तिच्यातून बोर्ड रेडिओला निरोप..." मी मध्येच थांबले. निरोप पाच व्होल्टचाच जात होता.

नाना हसले. "मोटरनं पानी सरळ नळीमा सोडं ते नळी फाटसच ना! तू बायपास काबरं नही ठेवा?"

त्यांनी विहिरीकडे बोट केलं. मोटरचं जास्तीचं पाणी एका पाइपातून परत विहिरीत पडत होतं. ठिबकच्या नळ्यांना झेपेल तेवढाच दाब पुढे जात होता.

यालाच आम्ही व्होल्टेज डिव्हायडर, म्हणजे व्होल्टेज वाटून कमी करणारी जोडणी, म्हणतो. परीक्षेत त्याचं गणित मी पूर्ण मार्कांनी सोडवलं होतं. आमच्या घरातली कॉलेजला गेलेली मी पहिलीच. आणि चौथी शिकलेल्या नानांनी ते न लिहिता सांगितलं.

किटमध्ये एक किलोओहमचे तीन रेझिस्टर होते. निरोपाच्या तारेत एक घातला. त्याच्या पुढच्या टोकापासून बोर्डाच्या ग्राउंड पिनपर्यंत उरलेले दोन, एकामागे एक. तिथेच मीटर लावला. ३.३१. मग त्या टोकाला रेडिओ जोडला. बोट ठेवून पाहिलं. गार.

आकडा बघायला घरी बसलेल्या, नानांच्या बायकोचा, काकूंचा फोन आला. "आठे आकडा उना! चौर्‍याऐंशी!"

म्हणजे चौऱ्याऐंशी टक्के, जमीन पुरती ओली. वरची माती मात्र भुरभुरीत दिसत होती. नानांनी खुरप्याने वीतभर उकरलं. खालचा गाळ बोटांना चिकटला. ते उठले आणि मोटर बंद केली.

ट्रायल चालू राहिली. त्या रेडिओच्या डेटाशीटमध्ये, म्हणजे माहितीपत्रकात, दुसऱ्याच पानावर एक ओळ होती: सिग्नलच्या, म्हणजे निरोपाच्या, पिनांनाही ३.३ पेक्षा जास्त चालणार नाही. ती मी घरी परतल्यावर वाचली.