ते दार बंद झालं का?

महेंद्र गेल्याचा फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या ग्रंथालयात काउंटरवर होते. एक मुलगी पुस्तक परत करायला उभी होती. फोनवर नितेश होता, महेंद्रचा जुना सहकारी, सुकापूरला त्याच्याच इमारतीत राहणारा. "ताई, तुम्ही बसलाय ना?" एवढंच त्याने विचारलं आणि मला कळलं. सकाळी आईने चहा दिला, तो कपबशी घेऊन खिडकीशी बसला, आणि थोड्या वेळाने आईने हाक मारली तर मान खाली गेलेली... रुग्णालयात नेईपर्यंत काही उरलं नव्हतं. हृदय, असं डॉक्टर म्हणाले. माझा धाकटा भाऊ, चाळिशीही न ओलांडलेला. फोन ठेवल्यावर मी त्या मुलीच्या पुस्तकाची नोंद केली, तिला तिचं कार्ड दिलं, आणि मग खुर्चीत बसले. भेटायला आलेले लोक म्हणत राहिले, कॉम्प्युटरची नोकरी, बैठं काम, ताण. ते खोटं नसेल. पण गेली काही वर्षं माझा भाऊ एका प्रश्नाचं उत्तर शोधत होता आणि ते न मिळताच गेला. तो प्रश्न त्याला कुणी विचारला आणि उत्तर सोपं असूनही त्याला का मिळेना, ते मला सांगता येईल तेवढं सांगते.

आम्ही उरणकडचे कोळी. बाबांची होडी होती; खाडीत भराव पडला, द्रोणागिरीला गोदामं उभी राहिली, आणि बाबा त्यातल्याच एका गोदामावर रखवालदार झाले. आई पनवेलच्या बाजारात मासळी विकायला बसायची, म्हणून पुढे आम्ही पनवेललाच राहायला आलो. मी पुस्तकांत रमले, महेंद्र कॉम्प्युटरमध्ये. तो नोकरी काय करतो हे आईला समजावून सांगण्याचा प्रसंग मला लख्ख आठवतो. आई कोलंबी सोलत होती. तो म्हणाला, "आये, बाबा गोदामाच्या शटरांची कुलपं हलवून बघायचे ना, एकेक करून? तसंच. मोबाइलवर तू बटण दाबतेस, ते तिकडे कंपनीच्या मोठ्या कॉम्प्युटरशी बोलतं. त्या बोलण्याची दारं असतात. त्यांना एपीआय म्हणतात. कुठल्या दाराला कुलूप नाही ते मी शोधतो."

"एकेक हालवत बसतंस?"

"नाय गं, यंत्र हाय त्याला. एक प्रोग्राम. हजारो दारं आपोआप ठोठावतो. खोटी किल्ली लाव, उलटी लाव, किल्ली नसताना ढकलून बघ..."

"म्हंजे चोराचंच काम," आई म्हणाली. "फकस्त पगार देतान."

तो इतका हसला की त्याला ठसका लागला. मग म्हणाला, "एक फरक हाय आये. आमी आधी परवानगी घेतो."

ही परवानगी त्याच्या लेखी फार मोठी गोष्ट होती. लेखी संमती हातात आल्याशिवाय तो कुठल्याही कंपनीच्या दाराला बोट लावत नसे. आणि तपासणी खऱ्या व्यवस्थेवर कधीच करायची नाही, तिच्या हुबेहूब नकलेवर करायची, कारण ते यंत्र आंधळं असतं. बघण्याची, भरण्याची, बदलण्याची, पुसण्याची अशी सगळी दारं ते सारख्याच उत्साहाने ढकलतं. समोर नक्कलच आहे ना, याची खात्री करण्याची त्याची स्वतःची एक रीत होती. यंत्र सोडण्याआधी तो नकलेत एक खोटं नाव भरायचा. नाव ठरलेलं, पापलेट पाटील. मग पलीकडच्या माणसाला फोन करून विचारायचा, "तुमच्या खऱ्या स्क्रीनवर पापलेट पाटील आलेत का हो?" पलीकडे हशा पिकायचा. नाही आले असं उत्तर आलं की तो यंत्र सोडायचा. मी कधी त्याच्या घरी असले आणि हे संभाषण कानावर आलं की आई कपाळाला हात लावायची.

डायलिसिस केंद्रांचं काम त्याच्याकडे आलं ते चारेक वर्षांपूर्वी. बऱ्याच गावांत शाखा असलेली ती संस्था होती, पनवेललाही एक होती. रुग्णांच्या पाळ्या नव्यानेच मोबाइलवरून ठरू लागल्या होत्या. ती व्यवस्था दुसऱ्या एका कंपनीने बांधली होती आणि तिने महेंद्रला नकलेचा पत्ता पाठवला, संमतीपत्रासकट. त्याने पापलेट पाटील भरले, फोन लावला. पलीकडचा माणूस जेवायला गेला होता. पुन्हा लावला... उचलला नाही. पत्ता तर नकलेचाच होता, तसं लिहूनही दिलेलं होतं. महेंद्रने यंत्र सोडलं.

पत्ता नकलेचाच होता. पण कुणीतरी सोयीसाठी त्या नकलेच्या मागे खऱ्या रुग्णांची माहिती जोडून ठेवली होती. यंत्राने पुसण्याचं दार ढकललं आणि ते उघडंच निघालं. ओळख न विचारता कुणीही कुणाचीही पाळी पुसू शकेल अशी ती त्रुटी होती. महेंद्रला शोधायची होती तीच. ती सापडली तेव्हा पाळ्यांचे नंबरामागून नंबर घेत यंत्राने एका दुपारच्या सगळ्या पाळ्या पुसून टाकल्या होत्या. रिकाम्या झालेल्या जागा व्यवस्थेने आपोआप प्रतीक्षेतल्या रुग्णांना देऊन टाकल्या, त्यांना मोबाइलवर निरोपही गेले. म्हणजे केंद्रावर नेहमीचे रुग्ण पोचले तेव्हा त्यांच्या डायलिसिसच्या यंत्रांपाशी दुसरे तितकेच आजारी लोक बसले होते. काउंटरवर कुणाला काही कळेना. कुणाला उशिरा बसवलं, कुणाला सांगितलं उद्या या. उद्या या म्हणून परत पाठवलेल्यांत पनवेलच्याच हाजराबी होत्या. त्यांना दुसऱ्या दिवशी पहाटे धाप लागली, अतिदक्षता विभागात ठेवावं लागलं. त्या तिथून घरी आल्या नाहीत.

महेंद्रच्या कंपनीने अहवालात लिहिलं, सेवेत तात्पुरता अडथळा. तो साहेबांकडे गेला. साहेब वाईट नव्हते. "अरे, आपण शोधलं ना? त्यांच्या कानावर घालतो मी. कागदावर कशाला?" महेंद्रचं म्हणणं एवढंच होतं की कागदावर आलं नाही तर ते दार कुणी बंद करणार नाही, कारण उघडं होतं हेच कुणी कबूल केलेलं नसेल. दोन्ही कंपन्यांना ती दुपार घडलीच नसती तर बरं, असं झालं होतं. मग दार तरी कुठून असणार? त्याने राजीनामा दिला. आईला वाटलं, दुसरीकडे बरं मिळालं असेल.

हाजराबींच्या घरी तो गेला तेव्हा मला बरोबर घेऊन गेला. त्यांचे पती इस्माईलचाचा, टोप्या शिवण्याचं दुकान होतं त्यांचं, आता थकलेले. मुलगा आखातात. चाचांनी आम्हाला बसवलं, पाणी दिलं. महेंद्रने काही न लपवता सगळं सांगितलं. चाचा शेवटपर्यंत ऐकत राहिले.

"म्हणजे नाव मशीनने पुसलं का तू पुसलंस, बेटा?"

"मशीनला मी सोडलं, चाचा."

"डॉक्टर बोलतो तिचं दिल आधीपासून कमजोर होतं. वक्त आला होता. तू काय बोलतोस?"

"मला माहीत नाही."

"मग मला पण नाही माहीत." चाचा बराच वेळ चष्म्याची काडी पुसत राहिले. महेंद्र हात जोडून काही म्हणू लागला, तर त्यांनी त्याला थांबवलं. "ते दार बंद झालं का?"

महेंद्रने जोडलेले हात खाली घेतले.

"तिच्या सोबतच्या बाया अजून तिथे जातात. आमची शेजारीण जाते. दार बंद झालं का तेवढं सांग."

"कंपनी सोडली मी, चाचा. मला आता बघता येत नाही."

"मग माफी कसली मागतोस? आधी ते बघून ये."

आम्ही रिक्षाने परत आलो. घराजवळ आल्यावर म्हणाला, "बघायला दोन मिनिटं लागतील, ताई. पण परवानगी संपली. आता मी त्या दारापाशी गेलो, तर आये म्हणते तेच." त्याने केंद्राला लिहिलं, व्यवस्था बांधणाऱ्या कंपनीला लिहिलं. उत्तरं आली, सौजन्याची. आपला मुद्दा संबंधित विभागाकडे पाठवण्यात आला आहे. दार बंद झालं असेलही... कुणी तसं म्हणालं मात्र नाही.

मग त्याने जे करायला सुरुवात केली ते मला आधी वेडेपणाच वाटलं. दर गुरुवारी तो पनवेलच्या त्या केंद्रात जाऊन बाकावर बसू लागला. गुरुवार हाजराबींच्या पाळीच्या वारांपैकी एक होता. घरून छोटी कामं घेऊन तो पोट भरत होता, त्यामुळे वेळ होता. काउंटरवरची मुलगी नावं पुकारायची आणि हा बघत राहायचा, पाळीचा निरोप घेऊन आलेला प्रत्येक माणूस उठून आत जातो ना. जे यंत्राने विचारायची त्याला मुभा नव्हती, ते तो डोळ्यांनी विचारत होता. रखवालदाराने हटकलं तर म्हणायचा, सोबत आलोय. हळूहळू तो खरंच सोबतीचा झाला. कुणाची चाकाची खुर्ची ढकल, कुणाला लिंबाची गोळी आणून दे. उलव्याहून एक बाई यायच्या, त्या त्याला भाऊ म्हणायच्या आणि बजावायच्या, "भाऊ, तुमचं कोण हाय आत ते एकदा तरी दाखवा." तो हसून विषय बदलायचा.

एकदा मात्र एक नाव खरंच गळलं. एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या मोबाइलवर निरोप होता आणि स्क्रीनवर ते नव्हतेच. महेंद्र काउंटरवर जाऊन इतका ओरडला की आतून डॉक्टर बाहेर आले. गृहस्थांना जागा मिळाली. काउंटरवरच्या मुलीने रडत सांगितलं की चुकून तिच्याच हातून पुसलं गेलं असेल. असेलही. कुणा आगाऊ पोराने घरबसल्या दार ढकललेलंही असेल. संध्याकाळी तो माझ्याकडे आला, जेवला नाही, पुस्तकांच्या कपाटापुढे नुसता उभा राहिला. "काहीच कळलं नाही, ताई," एवढंच म्हणाला. चाचांकडे तो पुन्हा गेला नाही. उत्तर घेऊनच जायचं होतं त्याला.

बाराव्याच्या दुसऱ्या दिवशी चाचाच आले. सुकापूरचा जिना चढून, काठी टेकत. कुणी कळवलं ठाऊक नाही. आईने पाणी दिलं. ती त्यांना ओळखत नव्हती, मी सांगितलं. नितेश तिथेच होता. चाचा महेंद्रच्या फोटोकडे न बघता मला म्हणाले, "त्याला कळलं का?"

"नाही, चाचा."

"मला तोंड पण दाखवलं नाही परत."

"उत्तर नव्हतं त्याच्याकडे."

नितेशला ते सहन झालं नाही. तो उठून उभा राहिला. "मी बघतो. आत्ता बघतो. नसलेला नंबर टाकायचा, ताई. दार उघडं असेल तर वेगळं उत्तर येतं, बंद असेल तर वेगळं. कुणाच्या केसालाही धक्का लागत नाही."

"नसलेला म्हणजे?" चाचांनी विचारलं.

"ज्याच्यावर कुणाचंच नाव नाही, असा."

"मग हे त्याला सुचलं नाही?"

नितेश खाली बसला. "मीच सांगितलं होतं त्याला. कितीदा तरी. तो म्हणायचा, त्या दिवशीही मला हेच वाटलं होतं, नितेश. की त्या नंबरांमागे कुणी नाही."

 आईला यातलं किती समजलं मला सांगता येणार नाही. ती पदराने डोळे पुसून नितेशला म्हणाली, "तुला कोनी परवानगी दिलीय?"

"नाही, काकी."

"मंग नको."

चाचांनी मान हलवली. जिना उतरताना मी त्यांचा हात धरला होता. मधल्या वळणावर ते थांबले, दम खात म्हणाले, "मी माफ केलंय असं समजू नकोस." मी म्हटलं, नाही समजत.

गुरुवारी मी ग्रंथालयातून लवकर निघते आता. पहिल्या गुरुवारी मी एकटीच होते. उलव्याच्या बाईंनी भाऊ कुठे म्हणून विचारलं आणि मला सांगावं लागलं... त्या डायलिसिसला आत जाताना दारातून मागे वळून बघत होत्या. दुसऱ्या गुरुवारी बाकाच्या दुसऱ्या टोकाला चाचा येऊन बसलेले दिसले, काठी गुडघ्यांच्या मध्ये धरून. आम्ही फारसं बोलत नाही. नावं ऐकतो.

गेल्या गुरुवारी दुपारच्या पाळीची नावं पुकारून संपली, माणसं आत गेली, आणि एक मध्यमवयीन बाई बसूनच राहिली. हातात मोबाइल, नजर काउंटरकडे. मी चाचांकडे पाहिलं. ते आधीच उठले होते. काठी टेकत तिच्यापुढे जाऊन उभे राहिले आणि वाकून विचारलं, "तुमचं नाव नाही घेतलं का, बाई?"

ती दचकली. "नाही नाही, मी सोबत आलेय. आमचे हे गेले आत."

"गेले ना? बघितलंत तुम्ही?"

"हो."

चाचा परत येऊन बसले. मी बाटलीतलं पाणी पुढे केलं, ते त्यांनी घेतलं. काउंटरमागे आता दुसरी मुलगी येऊन बसली होती. तिने पुढच्या पाळीचं पहिलं नाव पुकारलं, आणि कोण उठतं ते आम्ही दोघंही बघू लागलो.