वरच्या खोलीतली बहीण

फिटरला वकील, करसल्लागार आणि दातांचे डॉक्टर यांचा सारखाच तिटकारा. तिघेही आधी आ वासायला लावतात आणि मग पैसे मागतात. म्हणून घरभाड्याचा कर तो स्वतःच भरायचा. जन्मभर कारखान्यात पंप खोलून परत जोडले, तिथे एक अर्ज म्हणजे काय मोठी चीज, असं बायकोला ऐकवायचा.

भाड्याची खोली एकच, माडीवरची. तिथे शिवणवाल्या बाई एकट्या राहायच्या, जुन्याच भाड्यात. भाडं वाढवायचा विषय निघाला, की वरून मशीनची घरघर ऐकू यायची आणि विषय तिथेच मिटायचा.

यंदा नियम बदलला. हातात भाडं किती पडतं याच्याशी सरकारला देणंघेणं उरलं नाही. गल्लीत जो दर चालू, त्यावर कर. म्हणजे फिटरची पेन्शन माडीवर जिरणार. भाडं दुप्पट करा नाहीतर बाईंना काढा. दोन्ही त्याच्याच्याने होईना. मग नियमांच्या तळाशी, बारीक अक्षरात, वाट सापडली: खोलीत जवळचा नातलग राहत असेल तर सूट.

“बाई मला दादाच म्हणतात,” तो बायकोला म्हणाला.

“दूधवालाही म्हणतो. त्यालाही घ्या लिहून.”

त्याने ‘बहीण’ लिहिलं. काम अर्धवट सोडायची सवय नसल्याने बहिणीने दिलेल्या भाड्याच्या पावत्याही सोबत जोडल्या, नीट टाचून.

कार्यालयातल्या कारकुनाने त्या पाहिल्या. “काका, बहिणीकडून भाडं घेता?”

“घेतो की. वेळेवर देते.”

“अहो, सूट फुकट राहणाऱ्याला आहे. हे जोडलं नसतंत तर मी विचारलंही नसतं.” कारकुनाला खरंच वाईट वाटलेलं दिसलं. “यापुढे भाडं घेणार नाही म्हणून लिहून द्या. मिटवू.”

फिटरने तिथल्या तिथे लिहून दिलं आणि खुशीत माडी चढला. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. चाकावर हात ठेवून मशीन थांबवलं.

“दादा, फुकट राहायचं असतं तर पुतण्याकडे नसते का राहिले?”

“पण कागदावर तुम्ही बहीण आहात.”

“केलीत तेव्हा विचारलंत?”

फिटरने खिशातला नियमांचा कागद काढून तळापर्यंत पाहिला. यावर तिथे काही लिहिलेलं नव्हतं.

महिनाअखेरीला बाई पुतण्याकडे गेल्या. तिथे त्यांची खाट जिन्याखाली कशीबशी बसली. मशीन बसणार नव्हतं, म्हणून ते वाटेतच भंगारवाल्याला गेलं. निघताना त्यांनी शेवटचं भाडं फिटरच्या हातावर ठेवलं आणि पावती मागितली. त्याने लिहून दिली. नाव घालताना पेन थोडं अडखळलं, एवढंच.

रिकाम्या खोलीलाही चालू दरानेच कर असतो, हे त्याला पुढच्या पानावर सापडलं. बायकोने विचारलं, “आता कोणाला बहीण करताय?”

त्याने वर छताकडे पाहिलं. काहीच वाजत नव्हतं. मग त्याने चष्मा पुसला आणि राहणाऱ्याच्या रकान्यात ‘कोणी नाही’ असं स्वच्छ अक्षरात लिहिलं.