गोमाची ओळ

बेलवलीचे विष्णुपंत नाटकात कधी उभे राहिले नाहीत, पण वर्षातली वीस मिनिटं रंगमंच त्यांचा असे. संघटनेच्या वार्षिक मेळाव्यात तिचा इतिहास तेच वाचायचे. देव, देश, घरदार जपा म्हणणारी ही मंडळी. त्यांचा एक रिवाज होता. वाचनात ज्याचं नाव येईल त्याने जागेवर उभं राहून हात जोडायचे आणि सभेने टाळ्या वाजवायच्या. ना शाल, ना नारळ. तेवढ्या टाळीवर माणसं पुढचं वर्ष काढत.

पहिलं नाव कायम गोमाचं. आणीबाणीत सभाबंदी होती, तेव्हा हॉल कोण देणार? चामटोलीच्या गोमाने आपलं खळं दिलं. भात झोडायच्या निमित्ताने सतरा जण जमले. तेवढ्यात पोलीस आले. गोमाने या पांढरपेशांच्या हातात भाताच्या पेंढ्या कोंबल्या आणि ओरडला, "झोडा रं, उन्हं कलली!" त्या सतरांतले विष्णुपंत तेव्हा अंबरनाथच्या कारखान्यात सुपरवायझर होते. तळहाताला असे फोड आले की आठ दिवस पेन धरता येईना. हा प्रसंग ते असा वाचत, की शेवटच्या रांगेतली माणसंही दाराकडे वळून बघत, पोलीस आले की काय म्हणून.

त्या प्रसंगाला यंदा पन्नास वर्षं झाली. मेळाव्याआधी तालुक्याचा चिटणीस अवधूत घरी आला. त्याने वाचनाच्या प्रतीत एका ओळीखाली लाल रेघ मारून आणली होती.

"काका, गोमाचं नाव तेवढं नको. 'चामटोलीच्या एका खळ्यावर' म्हणा."

"का रे?"

"स्वागताध्यक्ष नरेंद्रशेठ आहेत. खळ्यावरून आपल्या बिल्डिंगचा रोड नेला म्हणून गोमाने त्यांच्यावर केस टाकलीय. स्टेजवर ऑकवर्ड होईल."

"नरेंद्रशेठ ऑगस्टमध्ये आले संघटनेत. आणि गोमा..."

"काका, तुम्हीच शिकवलंत आम्हाला. वरून आलं की प्रश्न विचारायचा नाही."

खरंच, त्यांनीच शिकवलं होतं. शिबिरात, छाती पुढे काढून.

पंतांच्या पत्नी मालिनीबाई कप उचलता उचलता म्हणाल्या, "तेव्हा पोलिसांना फसवलंत. आता गोमाला?"

संध्याकाळी गोमाचा फोन आला. "पंत, नातीला आणतो, प्रगतीला. तिनी माजा नाव कंदी आयकला नाय. वाचशील ना?"

"ये तू," एवढंच पंत म्हणाले.

कात्रपचा एसी हॉल. मधल्या सोफ्यावर नरेंद्रशेठ. चौदाव्या रांगेत नवी टोपी घातलेला गोमा आणि शेजारी प्रगती. पंतांनी वाचायला घेतलं. आवाज अजून खणखणीत होता. ती ओळ आली. त्यांनी शेठकडे पाहिलं. शेठ मोबाइलवर काहीतरी बघत होते, त्यांचं लक्षही नव्हतं. दोन अक्षरंच तर म्हणायची होती.

"चामटोलीच्या एका खळ्यावर..." पंत वाचून गेले.

गोमा उभा राहिला. खळं त्याचंच होतं, नाव राहिलं म्हणून काय झालं? हात जोडून तो टाळ्यांची वाट बघत राहिला. एकही टाळी वाजली नाही. बिल्लेवाला स्वयंसेवक धावत आला. "आजोबा, बसा ना खाली. मागच्यांना दिसत नाही." प्रगतीने त्याची बाही ओढली.

व्यासपीठावरून विष्णुपंतांना हे सगळं दिसत होतं. त्यांनी पान उलटलं.

जेवणाच्या रांगेत गोमाने त्यांना गाठलं. रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने हलकेच दंडाला हात लावला. "पंत, नजर कमी झाली काय रं? माजी ओळ दिसली नाय तुला."

"नाही रे दिसली," पंत म्हणाले.

"चष्मा लाव. पुढल्या साली नीट वाच. पोरीला परत आणीन."

गोमा नातीला घेऊन निघून गेला. पंत ताट धरून तिथेच उभे राहिले. मार्चमध्ये मोतीबिंदू काढल्यापासून त्यांना औषधाच्या पाकिटावरची बारीक अक्षरंसुद्धा चष्म्याशिवाय वाचता येत होती.